उंबांडा म्हणजे नेमकं काय? ते तुम्ही कोणाच्या घरी गेलात त्यावर आहे

१९४१ सालची गोष्ट. रिओ दि जानेरोमध्ये उंबांडा हा ब्राझीलमधला धर्म पाळणाऱ्यांची पहिली मोठी परिषद भरली होती, ऑक्टोबर महिना, आणि तिथे ठासून मांडलं गेलं की उंबांडा हा शब्द मूळचा संस्कृत आहे, ओम आणि बंध मिळून झालेला, अर्थ काय तर अमर्यादातली मर्यादा वगैरे. आता हे वाचून फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकायला काहींची बोटं शिवशिवतील, तर जरा थांबा. शब्द संस्कृत नाहीये. तो अंगोलातल्या किंबुंदू भाषेतला आहे, तिकडे उंबांडा म्हणजे बरं करायची विद्या, वैद्यकी म्हणा हवं तर, आणि ती करणारा तो किंबांडा. हा अर्थ एकोणिसाव्या शतकातच छापून आलेला होता, म्हणजे काही गुपित नव्हतं. मग ब्राझीलच्या लोकांना आपला आफ्रिकेतला साधा सरळ शब्द टाकून थेट आपल्याकडे मूळ शोधायला यायची काय गरज पडली? याचं उत्तर खाली येईलच, पण हा प्रश्न डोक्यात ठेवून वाचा, कारण उंबांडातली परंपरेची सगळी भांडणं शेवटी इथेच येऊन ठेपतात.

आधी थोडक्यात ओळख. उंबांडा हा ब्राझीलमध्ये, म्हणजे मुख्यतः रिओ आणि आसपास, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आकाराला आलेला धर्म. त्यात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे देव आहेत, त्यांना ओरिशा म्हणतात. कॅथलिक संत आहेत. तिथल्या मूळच्या आदिवासींचे आत्मे आहेत. आणि फ्रान्समधून आलेला अलां कार्देकचा आत्मावाद आहे, त्याचं पहिलं पुस्तक १८५७ चं, पुनर्जन्म, कर्म, मृतात्म्यांशी टेबलाभोवती बसून बोलणं असा सगळा सुशिक्षित मामला. बरेच जण हे वाचलं की लगेच म्हणतात, अच्छा म्हणजे खिचडी. हा शब्द उंबांडावाल्यांना आवडत नाही आणि मला विचाराल तर बरोबरही नाही, कारण खिचडीत सगळं एकत्र शिजून एकजीव होतं, इथे प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी बसलेली असते आणि कोण कुठे बसणार यावरच तर सगळा वाद आहे.

बसण्यावरूनच सुरुवात झाली, असं त्यांची मूळकथा सांगते. १५ नोव्हेंबर १९०८. झेलिओ फेर्नांदिनो दे मोराइस नावाचा सतरा वर्षांचा पोरगा, गोऱ्या मध्यमवर्गीय घरातला, काही दिवस अंथरुणाला खिळलेला, मधेच भलत्याच आवाजात बोलायचा, डॉक्टरांना काही कळेना, मग घरचे त्याला रिओशेजारच्या नितेरॉयमधल्या आत्मावाद्यांच्या संस्थेत घेऊन गेले. तिथे टेबलाभोवती मंडळी बसलेली. हा मधेच उठला, म्हणाला इथे एक फूल कमी आहे, बागेत गेला, फूल तोडून आणलं आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं. बैठकीतून असं उठायचं नसतं, त्यामुळे आधीच कुजबुज. थोड्या वेळाने तिथल्या मीडियमांच्या अंगात काळ्या गुलामांचे आणि आदिवासींचे आत्मे यायला लागले, तर अध्यक्षांनी त्यांना सांगितलं की तुम्ही मागासलेले आत्मे आहात, निघा इथून. तेव्हा झेलिओच्या तोंडून कोणीतरी विचारलं की यांचं म्हणणं ऐकूनसुद्धा न घेता यांना का घालवता, यांच्या रंगामुळे का? नाव विचारलं तर म्हणाला सात चौरस्त्यांचा काबोक्लो, कारण माझ्यासाठी कुठलाच रस्ता बंद नाही. काबोक्लो म्हणजे आदिवासी, रानातला माणूस. गंमत म्हणजे एका दिव्यदृष्टीवाल्याला तो पाद्र्याच्या वेशात दिसला, तर त्यावर तो म्हणाला की हो, मागच्या एका जन्मी मी गाब्रिएल मालाग्रिदा होतो, म्हणजे तोच जेझुइट पाद्री ज्याला इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १७६१ मध्ये लिस्बनला मारलं. इन्क्विझिशन म्हटलं की गोव्याकडच्या वाचकांना वेगळं काही सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी, १६ तारखेला, साओ गोन्सालोमधल्या नेवेस भागात झेलिओच्या घरीच पहिली बैठक झाली. पांढरे कपडे, पैसे घ्यायचे नाहीत, आणि नियम असा की जे आत्मे आपल्यापुढे आहेत त्यांच्याकडून शिकू, मागे आहेत त्यांना शिकवू, पण दारातून कोणाला परत पाठवणार नाही. त्याच संध्याकाळी अजून एकजण आला, पाई आंतोनिओ, म्हातारा काळा गुलाम. मंडळी म्हणाली टेबलाशी बसा, तर तो म्हणे नको, ती गोऱ्या मालकांची जागा, मी आपला इथेच कोपऱ्यात बरा. आणि काही हवंय का विचारल्यावर त्याने मागितली काय, तर आपली चिलीम, जी तो मागे कुठेतरी विसरून आला होता. मला या अख्ख्या कथेत हाच तुकडा सगळ्यात खरा वाटतो. मेल्यानंतरसुद्धा माणूस खुर्चीवर बसायला कचरतो.

संस्थेला नाव दिलं नोसा सेन्योरा दा पिएदादे, म्हणजे करुणेची माता. दिवाडी बेटावर टेकडीवर चर्च आहे ना, पिएदादचं, तीच ही माता. पोर्तुगीज जिथे गेले तिथे तिला घेऊन गेले, एकीकडे ती मांडवीच्या काठी टेकडीवर बसली आणि दुसरीकडे तिच्या नावाखाली काळ्या गुलामांचे आत्मे चिलीम मागायला लागले.

आता खरं सांगायचं तर अभ्यासक ही जन्मकथा जशीच्या तशी घेत नाहीत. एक माणूस, एक तारीख, एक टेबल असा धर्म जन्माला येत नसतो. रिओमध्ये १९०८ च्या कितीतरी आधीपासून काळ्या वस्त्यांमध्ये ढोल, आत्मे, जडीबुटी असं सगळं चालू होतंच, त्याला बाहेरचे लोक तुच्छतेने माकुंबा म्हणायचे. झेलिओची गोष्ट सगळीकडे पसरली तीच मुळी फार उशिरा, तो म्हातारा झाल्यावर, १९७५ मध्ये तो वारला त्याच्या आसपासच्या काळात. त्यामुळे काही उंबांडावालेच विचारतात की बाबांनो, शेकडो काळ्या आज्या-आजोबांनी जे जपलं त्याचा जनक म्हणून एक गोरा मुलगाच कसा काय सापडला तुम्हाला? प्रश्न बोचरा आहे आणि बरोबर आहे. तरीही २०१२ मध्ये सरकारने राष्ट्रीय उंबांडा दिवस म्हणून कायद्याने तारीख ठरवली ती १५ नोव्हेंबरच. आणि ज्या घरात ते पहिलं बसणं झालं ते घर? त्याच्या आदल्याच वर्षी, २०११ मध्ये, पाडलं गेलं.

बरं, तिथे चालतं काय ते पाहू. समजा तुम्ही रिओच्या किंवा साओ पावलोच्या एखाद्या उपनगरात संध्याकाळी गेलात. बाहेरून साधं घर, बऱ्याचदा पाटीसुद्धा नसते. त्या जागेला तेरेइरो म्हणतात, कोणी तेंदा म्हणतं, कोणी सेंट्रो, कोणी नुसतं घर. आत एका बाजूला बाकं, तिथे माझ्या-तुमच्यासारखी अडचण घेऊन आलेली मंडळी टोकन हातात धरून बसलेली, कोणाची नोकरी गेलीय, कोणाचा नवरा पितो. पुढे मोकळी जागा आणि त्यापलीकडे वेदी, तिला कोंगा म्हणतात, तिच्यावर येशू, सेंट जॉर्ज घोड्यावर, निळ्या झग्यातली समुद्राची आई इयेमांझा, पिसांचा मुकुट घातलेला आदिवासी, पाइप ओढणारा काळा म्हातारा, सगळे एकाच पायरीवर. चपला बाहेर. मीडियम मंडळी पांढऱ्या कपड्यात, अनवाणी, गळ्यात रंगीत मण्यांच्या माळा. आधी धूप फिरवतात, मग आताबाके नावाचे उंच ढोल वाजायला लागतात आणि गाणी सुरू होतात. या बैठकीला झिरा म्हणतात, जिऱ्याशी काही संबंध नाही, पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ फिरणं, गरागरा फिरणं.

गाण्यागणिक आत्मे येतात. आपल्याकडे ज्याला अंगात येणं म्हणतात, कोकणात अवसर म्हणतात, तसंच दिसायला, पण एक मोठा फरक. आपल्याकडे बहुतेक वेळा देवी येते, देव येतो. उंबांडात ओरिशा स्वतः गप्पा मारायला येत नाहीत, ते फार मोठे. येतात ती मेलेली माणसं, ओरिशांच्या हाताखाली काम करणारी. आणि ती येतात बोलायलाच. कांदोंब्ले म्हणून त्यांचा जो भाऊ-धर्म आहे, ईशान्य ब्राझीलमधल्या बाहिया राज्यातला, जास्त आफ्रिकी वळणाचा, तिथे ओरिशा अंगात येऊन नाचतात पण सल्लामसलत करत बसत नाहीत. उंबांडात मात्र ओळ लावून एकेकाला पुढे बोलावतात आणि समोरासमोर बसवतात.

प्रेतो वेल्योसमोर बसायची वेळ आली की काय होतं ते जरा सविस्तर सांगतो. प्रेतो वेल्यो म्हणजे काळा म्हातारा, गुलामीत आयुष्य काढून गेलेला, पाई जोआकिं, वोवो मारिया कोंगा अशी यांची नावं असतात, वोवो म्हणजे आजी. ज्याच्या अंगात आलंय तो कदाचित तिशीतला बँकेत काम करणारा माणूस असेल, पण आता त्याची कंबर वाकलीय, तो लाकडाच्या बुटक्या ठोकळ्यावर बसलाय, एका हातात पाइप, बाजूला कपात काळी कॉफी, पायाशी पांढरी मेणबत्ती. जमिनीवर खडूने काढलेली खूण, बाण, क्रॉस, चंद्र असं काही, ती त्या आत्म्याची सही समजायची. तो तुम्हाला मिझीफिओ म्हणून हाक मारतो, माझ्या लेकरा, आणि बोलतो ते जुनं मोडकं पोर्तुगीज, की बाजूला उभ्या असलेल्या मदतनिसाला, त्याला कांबोने म्हणतात, ते समजावून सांगावं लागतं. मग तो हातात हिरवी काडी घेतो आणि तुमच्या डोक्यावरून, खांद्यावरून, हातांवरून झटकत झटकत खाली आणतो. ती काडी अरुदाची. अरुदा म्हणजे कोण माहितीय? आपला सताप! लहान पोराला सर्दी झाली की आजी ज्याचा रस काढायची, कुंडीत लावलेला तो उग्र वासाचा सताप, तो तिथे नजर उतरवायला. झटकताना काडी कोमेजली तर म्हणतात की बरंच काही होतं बाबा तुझ्यावर. आणि सल्ला काय मिळतो? बरेचदा अगदी साधा. आईला फोन कर, झोपायच्या आधी अमुक पाल्याने अंघोळ कर, त्या माणसाचा राग सोड. पैसे? काही नाही, दारिद्र्य असो की श्रीमंती, सल्ला फुकट, याला ते कारिदादे म्हणतात आणि हा मुद्दा बहुतेक घरांत फार कडक असतो. मेणबत्त्या, कॉफी, जागेचं भाडं हे सगळं घरची मंडळी वर्गणी काढून भागवतात. पैसे उकळणारी घरं नाहीत का, आहेत, पण तिथे बाकीचे उंबांडावालेच नाक मुरडतात.

हा गुलामीत पिचलेला म्हातारा आज ज्या बाईला धीर देतोय ती कदाचित त्याच्या मालकाच्या वंशातली असेल, हे तिथे कोणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. या म्हाताऱ्यांचा दिवस असतो १३ मे, कारण १८८८ मध्ये त्या दिवशी ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली.

आता आत्म्यांची बाकी मंडळी बघा. काबोक्लो झाले. लहान मुलांचे आत्मे येतात, मग पन्नाशीचे काका जमिनीवर मांडी घालून केक तोंडाला फासून घेतात आणि शेजाऱ्याच्या डोक्यावर ओततात सॉफ्ट ड्रिंक. त्यांचा सण संत कोस्मे आणि दामियांवचा, २७ सप्टेंबर, त्या दिवशी रिओत गल्लीगल्लीत पोरं गोळ्या-चॉकलेटच्या पिशव्या गोळा करत पळत असतात. मग गुराखी येतात, खलाशी येतात डुलत डुलत, बाहियाचे लोक येतात. बाहियावाल्यांचं प्रकरण इंटरेस्टिंग आहे, ते साओ पावलोत जास्त येतात, कारण ईशान्येतून लाखो मजूर पोटासाठी तिथे आले आणि तिथले लोक त्यांना सरसकट बाइयानो म्हणून हिणवायचे, आपल्याकडे पोटासाठी मुंबईत येणाऱ्यांना जसं भैया म्हणून हिणवतात तसं. जी शिवी होती तोच तेरेइरोत आत्मा होऊन आला आणि त्याच शहरातले लोक त्याच्यापुढे सल्ला मागायला बसले. झे पिलिंत्रा म्हणून एक आहे, पांढरा सूट, लाल टाय, पनामा हॅट, रिओच्या गल्लीतला टपोरी, जुगारी, पण मनाने राजा. पोंबाझिरा म्हणजे बिनधास्त बाई, शँपेन, सिगारेट, लाल गुलाब, समाजाने जिला वाईट चालीची ठरवली ती. आणि एशु, चौरस्त्याचा राखणदार, ज्याला पाद्र्यांनी सैतान म्हणून टाकलं आणि आजही बाहेरचे लोक त्याच्यावरूनच घाबरतात. काही घरांत पूर्वेकडची ओळही आहे, तिच्यात अरब, चिनी आणि हो, हिंदू आत्मेही येतात, ज्ञानी, गंभीर, उपचार करणारे. म्हणजे त्यांच्या नजरेतला भारत. हे आपण वाचून हसू शकतो, पण आपल्या नजरेतला ब्राझीलही फुटबॉल आणि कार्निव्हलच असतो ना.

थोडक्यात देशाने ज्याला ज्याला दाराबाहेर उभं केलं तो इथे आत येऊन बसलाय आणि लोक त्याच्या पाया पडतायत. म्हणूनच यादी कधी बंद होत नाही. नवी माणसं कडेला ढकलली गेली की नवे आत्मे येतात.

पण मग हे ठरवतं कोण? इथे खरी गोम आहे. उंबांडाला पोप नाही, धर्मग्रंथ नाही, मुख्यालय नाही. प्रत्येक तेरेइरोचा प्रमुख असतो पाई दे सांतो किंवा माई दे सांतो, पाई म्हणजे बाप, गोव्यात ख्रिस्ती घरांत वडलांना पाय म्हणतात तोच शब्द, माई म्हणजे आई. त्या घरात त्यांचा शब्द शेवटचा, किंवा खरंतर त्यांच्या अंगात येणाऱ्या मुख्य आत्म्याचा शब्द शेवटचा. घरातले बाकीचे त्यांची मुलं, एकमेकांचे भाऊ-बहीण. रक्ताचं नातं नाही पण रुसवेफुगवे अगदी घरच्यासारखे, कोणाला आधी ढोल मिळाला, कोणाला अजून सल्ला द्यायची परवानगी नाही, आणि भांडण फारच वाढलं की एखादी मुलगी बाहेर पडून दोन गल्ल्या सोडून आपलं वेगळं घर मांडते. प्रमुख वारला की कित्येक घरं सरळ बंदच पडतात. मग तिथली मंडळी दुसऱ्या घरी जातात आणि तिथे पुन्हा शून्यापासून, कारण इकडे मेणबत्ती उजवीकडे तर तिकडे डावीकडे.

आणि फरक म्हणजे नुसत्या मेणबत्तीचे नाहीत हो. काही घरांत ढोल अजिबात नाही, नुसती गाणी, कुठे टाळीसुद्धा नाही, म्हणतात शांततेत काम होतं. काही घरांत ढोलाशिवाय पानही हलत नाही. काही घरांत आत्म्यांना दारू-तंबाखू चालते, काही ठिकाणी पाण्याचा ग्लास. बहुतेक उंबांडा घरांत प्राण्याचा बळी नाही, उलट आम्ही बळी देत नाही हीच आमची ओळख असं सांगतात, पण कांदोंब्लेच्या जवळची घरं आहेत तिथे देतात. एशुची बैठक कुठे सगळ्यांसाठी उघडी तर कुठे बंद दाराआड, कुठे नाहीच. अहो, कोणता ओरिशा म्हणजे कोणता संत यावरही एकमत नाही. रिओत ओगुन म्हणजे सेंट जॉर्ज, २३ एप्रिलला नुसता जल्लोष. बाहियात सेंट जॉर्ज म्हणजे ओशोसी, शिकारी, आणि ओगुन तिकडे सेंट अँथनी. हल्ली बरीच घरं म्हणतात की संतांचे मुखवटे गुलामीत लपायला घातले होते, आता काढून टाका. तर घरातल्या म्हाताऱ्या बाया म्हणतात की माझी आजी याच सेंट जॉर्जपुढे रडली, मी नाही काढणार. दोघांचंही बरोबर आहे आणि मला यात कुठलाही मधला मार्ग दिसत नाही. म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला, म्हणजे चर्चमधल्या मेरी मातेला, लईराई देवीची बहीण मानून तेल वाहणाऱ्या हिंदू बाईला कोणी सांगून बघा की हा नुसता मुखवटा आहे.

एवढ्या फरकांना नावंही पडलीत. पांढरी उंबांडा, टेबलवाल्या आत्मावादाच्या जवळची. ओमोलोको, तिचा मोठा पुढारी तांक्रेदो दा सिल्वा पिंतो, सांबा लिहिणारा माणूस, तो आयुष्यभर ओरडून सांगत राहिला की आपलं मूळ आफ्रिका आहे, त्याची लाज कसली. गूढवादी उंबांडा, दा माता ए सिल्वा या गृहस्थांची, १९५६ च्या त्यांच्या पुस्तकापासून. पवित्र उंबांडा, रुबेन्स सारासेनींची, हे २०१५ ला वारले, त्यांनी तर चक्क कोर्सेस काढले, वर्ग, वह्या, सर्टिफिकेट. जुनी मंडळी म्हणाली की ज्ञान कोंगासमोर झाडू मारत, भांडी घासत मिळतं, बाकावर बसून नाही. नवी म्हणाली की पाईंच्या मर्जीवर वीस वर्षं का थांबायचं? इंटरनेटवर या मंडळींची जुंपते तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ही काही उंबांडा नव्हे.

आता ते सुरुवातीचं संस्कृत प्रकरण. १८९० च्या ब्राझीलच्या दंडसंहितेत कलम १५७ होतं, त्यात आत्मावाद, जादू, ताईत, भविष्य सांगणं हे सगळं गुन्हा. कार्देकवाले शिकलेले आणि गोरे, ते आमचं विज्ञान आहे, धर्म आहे म्हणत बरेचसे निसटले. काळ्या वस्तीत मात्र पोलीस दार फोडून घुसायचे, ढोल, मूर्ती, माळा उचलून न्यायचे आणि पोलिसांच्या म्युझियममध्ये ठेवायचे. कहर म्हणजे १९३८ मध्ये त्या जप्त मालाला राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवलं, संग्रहाचं नाव काय, तर काळी जादू. राष्ट्राध्यक्ष व्हार्गासच्या हुकूमशाहीत तर घर चालवायचं असेल तर पोलिसांकडे नोंदणी करा. अशा काळात, १९३९ मध्ये, रिओच्या काही मंडळींनी संघटना काढली आणि दोन वर्षांनी ती परिषद भरवली. पोलिसांना पटेल असा धर्म दाखवायचा होता. म्हणून स्वतःला आत्मावाद म्हणवून घेतलं, ढोलाबद्दल, बळीबद्दल हात झटकले, आणि मूळ आफ्रिकेत नको तर मग कुठे, युरोपातही ज्याला मान आहे अशा भारतात. आमचं संस्कृत तिथे साबणासारखं वापरलं गेलं, आफ्रिका धुऊन काढायला.

याची चीड येते, येऊ दे. पण ज्याच्या दारावर पोलिसांची लाथ पडतेय तो काय काय सांगेल याचा हिशोब आपण आरामखुर्चीत बसून करू नये असंही वाटतं. आणि एक बघा, परिषदेत काहीही ठरलं तरी तिकडे वस्तीतल्या माईंनी ते ऐकलंच नाही. त्यांच्या घरी ढोल वाजत राहिले. मुख्यालय नसण्याचा हा फायदा, वरून कोणी स्वच्छ करू म्हटलं तरी खाली पोचत नाही. तोटाही आहेच, एखाद्या घरचा प्रमुख माणसांना छळत असेल तर तक्रार करायला वरचं कोणी नाही, पाय काढता घ्यायचा एवढंच.

जप्त केलेल्या त्या वस्तू परत मिळवायला तेरेइरोंच्या लोकांनी मोहीम चालवली, नाव दिलं ‘आमचं पवित्र मुक्त करा’. शेवटी २०२० मध्ये ५१९ वस्तू पोलिसांकडून रिओच्या रिपब्लिक म्युझियममध्ये गेल्या आणि तिथे त्यांची मांडणी ठरवायला पाई-माईंना सोबत घेतलं.

पुस्तक नाही याची किंमत अजून मोजावी लागते. २०१४ मध्ये रिओच्या एका न्यायाधीशाने एका निकालात लिहिलं की उंबांडा आणि कांदोंब्ले हे धर्मच नाहीत, कारण यांना ग्रंथ नाही, उतरंड नाही, पुजायला एकच देव नाही. विषय काय होता तर या धर्मांना शिव्या घालणारे यूट्यूबवरचे व्हिडिओ काढून टाका. एवढी बोंबाबोंब झाली की त्यांनी ते वाक्य मागे घेतलं, आणि व्हिडिओ काढून टाकायचा आदेश वरच्या कोर्टाने दिला. २०१५ मध्ये रिओतच कांदोंब्लेच्या बैठकीहून पांढऱ्या कपड्यात परतणाऱ्या ११ वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर दगड फेकून मारला गेला. नवे इव्हँजेलिकल पंथ वाढलेत, काही वस्त्यांत गुंडांच्या टोळ्यासुद्धा येशूच्या नावाने तेरेइरो बंद करायला लावतात. सगळीकडे असं आहे असं नाही, पण पांढरे कपडे पिशवीत घालून न्यायचे आणि तिथे गेल्यावर बदलायचे हे बऱ्याच जणांच्या अंगवळणी पडलंय. याउलट २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की आफ्रिकी मुळाच्या धर्मांत विधी म्हणून बळी देणं घटनेत बसतं.

आकडे? २०१० च्या जनगणनेत उंबांडा सांगणारे ४ लाख ७ हजार, कांदोंब्ले १ लाख ६७ हजार, सगळं मिळून ०.३ टक्के. २०२२ मध्ये दोन्ही एकत्र मोजले तर १ टक्का, साडेअठरा लाखांच्या आसपास. माणसं वाढली की बोलायला लागली? मला वाटतं दुसरं जास्त, कारण आधी हीच मंडळी कॅथलिक असं लिहून मोकळी व्हायची, रविवारी मास आणि शुक्रवारी झिरा. आणि सगळ्यात जास्त प्रमाण कुठे सापडलं, बाहियात नाही, तर दक्षिणेतल्या रिओ ग्रांदे दो सुलमध्ये, ३.२ टक्के, म्हणजे जर्मन-इटालियन वंशाचं गोरं राज्य म्हणून ज्याची ओळख तिथे. त्यामुळे आता नवा वाद, इतकी गोरी मंडळी आली तर हे कोणाचं? तेरेइरोत त्यावर बोलतात, कधी शांतपणे, कधी नाही.

तुम्ही ३१ डिसेंबरचे रिओच्या कोपाकबाना किनाऱ्याचे फोटो बघितले असतील, लाखो लोक पांढऱ्या कपड्यात, वर फटाके. तो पांढरा रंग फॅशनचा नाही, तो उंबांडावाल्यांनी इयेमांझासाठी वर्षाच्या शेवटच्या रात्री वाळूवर बसून, मेणबत्त्या लावून आणला. नंतर हॉटेलं आली, स्टेज आले, पर्यटक आले, आणि ज्यांनी सुरू केलं त्यांनाच बसायला वाळू उरली नाही. मग बरीच घरं आधीच येतात, २९ तारखेला मादुरेइराच्या बाजारातून इयेमांझाची मिरवणूक निघते ती थेट कोपाकबानाला. पाण्यात निळ्या-पांढऱ्या छोट्या होड्या सोडतात, त्यात फुलं, आरसा, कंगवा, अत्तर. आता काही घरांनी ठरवलंय की प्लॅस्टिकचा कंगवा आणि काचेची बाटली नको, आईच्या घरात कचरा टाकायचा नाही, अत्तर नुसतं पाण्यात शिंपडा. शेजारचं घर म्हणतं आमच्या माईने चाळीस वर्षं आरसा दिला, आरसाच देणार. होडी लाटांपलीकडे गेली तर आईने घेतली, परत आली तर नाही घेतली. त्यामुळे दोन्ही घरची मंडळी गुडघाभर पाण्यात उभी राहून आपापल्या होडीकडे बघत बसतात, आणि सकाळी केशरी कपड्यातले सफाई कामगार येऊन जे काही परत आलेलं असतं ते एकाच ढिगात गोळा करतात.